आईची साडी आणि भूरो दोरो

बडोद्याच्या मंगळबाजारातलं ते दुकान म्हणजे दोन हात रुंदीची बोळकंडी. तिन्ही भिंतींना जमिनीपासून माळ्यापर्यंत लाकडी खण, खणांत रिळं आणि समोर आडवी टाकलेली फळी. गिऱ्हाइकाने रस्त्यातच उभं राहायचं आणि मागून स्कूटर आली की पोट आत घ्यायचं. आईची साडी घेऊन मी तिथे गेले होते. तिला जाऊन वर्ष झालं होतं. वर्षश्राद्ध झालं की साडी मीच नेसणार होते, पण फॉल विरून गेला होता आणि एका जागी टाके सुटून लोंबत होता. मालकांनी काठ बोटांत धरून चोळला, "सरस कापड छे बेन, हवे आवुं नथी मळतुं," म्हणाले आणि मान न वळवता मागच्या मुलाला सांगितलं, "भूरो दोरो आप." मुलगा नवा होता, सतरा-अठरा वर्षांचा असेल. त्याने खणाखणांवरून बोट फिरवलं, एक रीळ काढलं आणि फळीवर आणून ठेवलं. छान, चकचकीत, काताच्या रंगाचं. मालक आधी रिळाकडे बघत राहिले, मग मुलाकडे. "भूरो कह्यो ने? आंधळो छे?" मुलगा हळूच म्हणाला, "भूरा ही तो लाया हूँ, सेठ." "अक्कल वगरनो," असं पुटपुटत मालक स्वतः उठले, निळं रीळ काढलं, साडीवर ठेवून दाखवलं. मी मान हलवली, फॉल-पिकोचे पैसे आगाऊ दिले, चिठ्ठी घेतली आणि निघाले.

मी काहीच बोलले नाही.

बोलायला हवं होतं, कारण त्या फळीच्या दोन्ही बाजूंना मिळून तिन्ही भाषा येणारी मी एकटीच होते. हिंदीत भूरा म्हणजे तपकिरी, तेव्हा मुलगा बरोबर होता. गुजरातीत भूरो म्हणजे निळा, म्हणजे मालकही बरोबर होते. आणि आमच्या मराठीत भुरा म्हणजे धड कुठलाच नाही. भुऱ्या केसांचं पोर, भुरकट पडलेला परकर, उन्हाने उडालेला पडदा. जिथे रंग संपत आलेला असतो तिथे आपण भुरा म्हणतो. एक वाक्य पुरलं असतं. 'सेठ, त्याच्याकडे भूरा म्हणजे हेच.' पण ऊन होतं, मागे कुणीतरी हॉर्न वाजवत होतं, आणि खरं सांगायचं तर मालकांनी मला इतक्या अदबीने 'बेन' म्हटलं होतं की त्यांना त्यांच्याच दुकानात दुरुस्त करायचं माझ्या जिवावर आलं. घरी येईपर्यंत त्या मुलाचा आवाज कानात राहिला. 'भूरा ही तो लाया हूँ.' त्यात उलट बोलणं नव्हतं. त्याला खरोखरच कळत नव्हतं की चुकलं कुठे.

बडोद्यात वाढलेल्या मराठी माणसाला रंगांच्या या घोळाचं बाळकडूच मिळालेलं असतं. संस्कृतातला 'नील' गुजरातीत शिरताना 'लील' झाला आणि वाटेत रंगही बदलून आला. लीलुं म्हणजे हिरवं. पुण्याची आत्या पहिल्यांदा आमच्याबरोबर खंडेराव मार्केटात आली तेव्हा भाजीवाली 'लीलां मरचां, लीलां मरचां' ओरडत होती. "मिरच्यांच्या कसल्या गं लीला?" आत्याने आईला विचारलं होतं, आणि आई तिथेच पिशव्या खाली ठेवून हसत सुटली होती. पुढे आत्तेबहिणीच्या लग्नाच्या खरेदीत दुकानदाराने 'वादळी कलर'चा ब्लाउजपीस दाखवला. तिकडे वादळ म्हणजे ढग, म्हणून वादळी म्हणजे आभाळाचा फिका निळा. आत्तेबहीण म्हणाली, "नको गं बाई, नव्या घरात वादळी ब्लाउज घालून जाऊ का?" आम्हाला मात्र यात वावगं काही वाटायचंच नाही. घरात निळा, दारात भूरो, शाळेत ब्ल्यू. तोंडातून कुठला बाहेर पडेल ते समोर कोण आहे यावर ठरायचं.

साडीचा रंग कुठला, यावर तर आईच्या हयातीतही एकमत नव्हतं. इरकली साडी, लाल काठाची. आई तिला अस्मानी म्हणायची, आणि ते साफ खोटं होतं, कारण एवढं गडद अस्मान मी दिवाळीनंतरच्या संध्याकाळीसुद्धा पाहिलेलं नाही. काकू पारवा म्हणायच्या. त्यांना साडी आवडत नव्हती हे त्यातून कळायचं. आजी तिला सरळ काळी म्हणायची आणि संक्रांतीला नेसायला परवानगी द्यायची, इतर सणांना नाही. मी लहानपणी आजीला वेड्यात काढायचे. आता वाटतं, तिच्या डोळ्यांत काही वावगं नव्हतं, तिचा शब्द जुना होता. नील म्हणजे मुळात गडद. काळ्याच्या आणि निळ्याच्या मधे आज जी भिंत आहे ती त्या शब्दाला ठाऊक नव्हती. म्हणून तर ज्याचं नावच 'काळा' आहे त्या कृष्णाला चित्रकार बिनधास्त निळा रंगवतात आणि कुणाला खटकत नाही. आमच्या रावपुऱ्यातल्या तांबेकर वाड्यात, बडोद्याच्या जुन्या मराठी दिवाणांच्या त्या घरात, भिंतीभर चित्रं आहेत. शाळेच्या सहलीत तिथल्या कृष्णाकडे बोट दाखवून मी बाईंना विचारलं होतं की सावळा म्हणजे निळा का? बाई म्हणाल्या, देवाच्या बाबतीत हो. मग म्हणाल्या, माणसाच्या बाबतीत नाही. वर्गातली सगळ्यात काळी मुलगी माझ्या शेजारी उभी होती. ती हसली नाही, एवढं आठवतं.

आजीचा स्वतःचा निळा बादलीत असायचा. रविवारी सकाळी मोरीत मोठी घंगाळं आणि बादल्या, आजोबांची धोतरं, उशांचे अभ्रे, आमच्या शाळेचे पांढरे शर्ट. शेवटच्या पाण्यात नीळ. जुन्या धोतराच्या फडक्यात नीळ घालून तिची पुरचुंडी बांधायची आणि पाण्यात नुसती दोनदा बुचकळायची. पाण्यात धूर सोडल्यासारखी निळी वलयं उतरत जायची. हे काम आजी कुणाला देत नसे. एकदा मी हट्टाने घेतलं आणि पुरचुंडी पिळली. आजोबांच्या धोतरावर नकाशासारखे डाग पडले. ते धोतर ते तसंच नेसले, रावपुऱ्यापर्यंत जाऊन आले आणि कुणी विचारलं तर सांगत, "नातीने समुद्र काढलाय." आजीचं शास्त्र एका ओळीचं होतं, पिवळं पडलं की नीळ. धुतलेलं पांढरं कापड हळूहळू पिवळं पडतं. त्याला किंचित निळं दिलं की डोळ्याला ते पुन्हा पांढरं भासतं. म्हणजे डाग जात नाही, डोळा फसतो. मोठेपणी कळलं की नाव नीळ असलं तरी त्या डबीतली पूड नीळीच्या झाडाची नव्हतीच. ती अल्ट्रामरीन, कारखान्यातली. अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतला लाजवर्द दगड कुटून युरोपातले चित्रकार मेरीमातेचा झगा रंगवायचे, आणि तो रंग इतका महाग पडायचा की फ्रान्समध्ये १८२४ साली त्याची स्वस्त नक्कल करणाऱ्याला बक्षीस लावलं गेलं. चारेक वर्षांत नक्कल जमली. तीच फिरत फिरत दांडिया बाजारातल्या आमच्या मोरीत आली आणि आजोबांच्या धोतरावर समुद्र झाली. खऱ्या नीळीचं गाव मात्र आमच्या जवळ होतं. अहमदाबादेजवळच्या सरखेजची नीळ सतराव्या शतकात जहाजं भरून विलायतेला जायची. तिथे आज लोक रोजा, म्हणजे जुनी दर्गा-मशीद, बघायला जातात.

निळा रंग पोटाला लावलेली माणसंही आमच्या वाड्यात होती. शेजारचे काका अंकलेश्वरला अपडाउन करायचे. पहाटेची गाडी, रात्रीची गाडी, असं तीस वर्षं. कारखाना पिगमेंटचा, आणि त्यात त्यांचं खातं ब्ल्यूचं. तांब्यापासून बनणारा हा रंग गेल्या शतकात युरोपातल्या एका कारखान्यात चुकून हाती लागला होता आणि आता छापखान्याच्या शाईपासून प्लास्टिकच्या बादलीपर्यंत सगळीकडे तोच आहे. आल्फा ब्ल्यू, बीटा ब्ल्यू अशी नावं काका घरच्या माणसांसारखी घ्यायचे. तो इतका बारीक की साबणाने जात नाही. काकांच्या कानाच्या पाळीमागे, नखांच्या कडेला, मानेच्या घडीत तो कायम असायचा. गणपतीत सोवळं नेसून आरतीला उभे राहिले की उघड्या पाठीवर घाम यायचा आणि तो खांद्यावरच्या पंच्याला निळा लागायचा. आम्ही पोरं त्यांना मागून 'घननीळ' म्हणायचो. काकींना ते कळलं तेव्हा त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "आठ दिवस रजेवर असले तरी उशी निळी होते रे. आतून येतो की काय देव जाणे." निवृत्तीनंतर वर्षभराने त्यांची उशी पांढरी राहायला लागली. हे काकींनी आईला गॅलरीतून, सोनं घेतल्याची बातमी द्यावी तसं सांगितलं होतं.

त्याच वयात निळ्याने मला एकदा सपशेल फसवलं. कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये निळा देवमासा आहे असं ऐकून मी आजोबांमागे लागून गेले होते. महीच्या मुखाशी वाहून आलेल्या देवमाशाचा सांगाडा तो. वर मान करून बघते तर पिवळट, तेलकट हाडंच हाडं. "निळा कुठे आहे?" मी विचारलं. आजोबा म्हणाले, "निळा बाहेरून असतो." आणि मला ममी दाखवायला घेऊन गेले. त्या बागेत आम्ही किती रविवार घालवले असतील त्याला गणती नाही. आजोबा प्रत्येक वळणावर सयाजीरावांची एक गोष्ट सांगायचे. ग्रंथालयं कशी काढली, सक्तीचं शिक्षण कसं आणलं, ही बाग लोकांसाठी कशी खुली केली. महाराजांचं नाव घेताना त्यांचा हात नकळत टोपीकडे जायचा.

बरीच वर्षं मला वाटायचं, बागेतलं सगळं मला माहीत आहे.

मधे माझी मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी पिवळी दिसायला लागली. डॉक्टर म्हणाले, काळजीचं नाही, दिव्याखाली ठेवू. काचेच्या पेटीत, डोळ्यांवर पट्टी, अंगावर फक्त लंगोट, आणि वरून निळा प्रकाश. रात्री दोन वाजता मी टाके सांभाळत त्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहायचे. त्या प्रकाशात पिवळं काही दिसतच नाही. सगळं निळसर-राखाडी, तिची पोटाची धपापणारी कातडी, नर्सचे हात, भिंत. आई मागून येऊन शाल टाकायची आणि म्हणायची, "बघ, तुझ्या आजीचंच शास्त्र. पिवळं पडलं की नीळ." हसू आलं, पण नंतर वाचलं तर शास्त्र तितकं वेगळं नव्हतं आणि तितकं सारखंही नव्हतं. इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात १९५० च्या दशकात एका परिचारिकेच्या लक्षात आलं होतं की बागेतल्या उन्हात नेलेल्या बाळांची कावीळ उतरते, आणि जिथे कापडाने झाकलेलं असतं तेवढीच कातडी पिवळी राहते. पुढे कळलं की काम करतो तो त्या उन्हातला निळा भाग. तो कातडीतल्या पिवळ्या द्रव्याचं रूप बदलतो आणि मग शरीर त्याला बाहेर टाकू शकतं. कापडावरची नीळ डोळ्याला फसवते, ही फसवत नाही. पण आज स्वयंपाकघरात जो पांढरा एलईडी लागतो तो पुन्हा आजीच्याच पद्धतीचा. आत निळा दिवा, वर पिवळ्या पुडीचा लेप, दोन्ही मिळून पांढरं. तो निळा दिवा जमेपर्यंत लाल-हिरवे एलईडी तीसेक वर्षं एकटेच बसले होते. जमवणाऱ्या, जपानात जन्मलेल्या तिघांना २०१४ चं नोबेल मिळालं. आई तेव्हा होती. मी तिला बातमी वाचून दाखवली, तर म्हणाली, "आजीला कुणी नाही विचारलं."

हे सगळे आमचे निळे. कृष्णाचा, बादलीतला, काकांच्या पाठीवरचा, बाळाच्या पेटीतला. एक निळा मात्र आमच्या घरात नव्हता. तो रस्त्याने यायचा. १४ एप्रिलला दांडिया बाजारातून मिरवणूक जायची. ट्रकवर निळे झेंडे, निळे फेटे, निळ्या कोटातला पुतळा, आणि पुढे ढोल. मी गॅलरीत धावायचे, कारण ढोल वाजला की धावायचं एवढंच माहीत. आजी आतून हाक मारायची, "आत ये, ऊन आहे." गणपतीच्या मिरवणुकीला ऊन नसायचं असं नाही. कुणी काही वाईट बोलल्याचं मला आठवत नाही, हेही खरं. 'त्यांची मिरवणूक' एवढाच शब्द, आणि तो सुद्धा सहज, दुसऱ्याच्या घरचं लग्न असावं तसा. त्या निळ्याला आमच्याकडे नाव नव्हतं. अस्मानी, पारवा, मोरपंखी, नेव्ही असं आईजवळ निळ्याचं एवढं मोठं गाठोडं, पण त्यात हा नव्हता.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात माझ्या वर्गात नागपूरकडची एक मुलगी होती, होस्टेलला राहायची. एका सप्टेंबरात ती म्हणाली, कमाटीबागेत येतेस का, मला ते झाड बघायचंय. मी म्हटलं, चल, तिथला कानाकोपरा मला पाठ आहे. तिने ज्या झाडाचं नाव घेतलं ते मला ठाऊक नव्हतं. मग तिने चालता चालता सांगितलं. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर परदेशी शिकून आलेला तरुण करारानुसार १९१७ साली बडोद्याच्या नोकरीत रुजू होतो. राहायला कुणी जागा देत नाही. नाव बदलून पारशी धर्मशाळेत राहतो. दहा-अकरा दिवसांत लाठ्या घेतलेला जमाव येतो आणि संध्याकाळपर्यंत खोली सोड म्हणतो. शहरातले दोन मित्र, एक हिंदू, एक ख्रिश्चन, दोघेही सबबी सांगतात. मुंबईची गाडी रात्री नऊची. हातात पाच तास. ते पाच तास बाबासाहेबांनी या बागेत बसून काढले. पुढे त्यांनीच लिहून ठेवलं आहे की तिथे बसून त्यांना आईवडिलांची आठवण येत होती, एकाकी पडलेल्या लहान मुलाला यावी तशी. त्या वेळी ते सव्वीस वर्षांचे होते, कोलंबिया करून आणि लंडनचं शिक्षण अर्धं सोडून आलेले. ती मुलगी हे सगळं पाठ असल्यासारखं, आवाज न चढवता सांगत होती, आणि मी इकडेतिकडे बघत होते. हाच बाक, हीच वाट, हाच तो कोपरा जिथे आजोबा शेंगदाण्याची पुडी उघडायचे. आता त्या जागेला संकल्पभूमी म्हणतात आणि २३ सप्टेंबरला निळे झेंडे घेऊन लोक दुरून येतात. तेव्हा आम्ही दोघीच होतो. तिने झाडाच्या खोडाला हात लावला. मला लावावासा वाटला, पण लावला नाही. आपण कुठल्या नात्याने लावायचा हे कळेना.

घरी आल्यावर आजोबांना विचारलं. ते पेपर वाचत होते. "हो, तसं काहीसं झालं होतं म्हणतात," म्हणाले. मग थोड्या वेळाने, पेपर खाली न करता, "महाराजांचा त्यात दोष नव्हता." मी महाराजांचं विचारलंच नव्हतं. माझे पणजोबा त्या सुमारास संस्थानच्या नोकरीत कारकून होते. कुठल्या खात्यात, हे त्या दिवशी विचारायचं माझ्या ओठांवर होतं. आजोबांना माहीत असणार. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. त्यांच्या टेबलावर ब्ल्यू-ब्लॅक शाईची दौत असायची. लिहिताना निळी दिसायची, वाळली की काळी व्हायची. पणजोबांची काही पत्रं अजून घरात आहेत, काळ्या अक्षरांतली. ती लिहिली तेव्हा निळी होती का, आणि त्या वर्षीचं एखादं आहे का, हे मी दरवर्षी माळा साफ करताना बघायचं ठरवते. दरवर्षी माळा साफ होतो.

त्याच १९१७ च्या एप्रिलात गांधी चंपारण्यात पोहोचले होते. तिथेही प्रश्न निळ्याचाच. वीस कठ्ठ्यांतल्या तीन कठ्ठ्यांवर शेतकऱ्याने नीळ पेरलीच पाहिजे, ही सक्ती. जर्मन कारखान्यांनी १८९७ पासून नीळ प्रयोगशाळेतून विकायला काढली तेव्हा या झाडाचे दिवस भरले होते, पण युद्धात जर्मन माल अडला आणि बागाईतदारांना पुन्हा हाव सुटली. शाळेत हा धडा आम्हाला दोन वेळा होता, सहामाहीला आणि वार्षिकला. एप्रिलचा निळा परीक्षेला यायचा. सप्टेंबरचा, आमच्याच गावचा, अभ्यासक्रमात नव्हता. मंगळबाजारातून आल्यावर रात्री झोप येईना तेव्हा हे सगळं असं एकामागून एक वर आलं. फॉल-पिकोच्या दुकानातल्या एका रिळावरून एवढं लांब जाणं हे जरा अतीच होतं, आणि ते मला त्या रात्रीही कळत होतं. एका मुलाला मालक बोलला. असं रोज होतं. तरी मान हलवून चिठ्ठी घेतानाची माझी ती सफाई मला ओळखीची वाटत होती. आमच्या घरात ती पिढ्यांपासून आहे. कुणाला दुखवायचं नाही, आवाज चढवायचा नाही आणि माहीत असलेलं बोलायचं नाही.

आठवड्याने साडी आणायला गेले. मालक जेवायला गेले होते. मुलगा एकटाच, फळीमागे उंच स्टुलावर, मोबाइल मांडीवर उलटा ठेवलेला. चिठ्ठी बघून त्याने गठ्ठ्यातून साडी काढली. फॉल चांगला बसला होता, पण टाके जवळून पाहिले तर दोऱ्याची छटा कापडापेक्षा उजळ होती. मालकांनी घाईत काढलेलं ते रीळ, ज्यावर मीच मान हलवली होती. मला त्या दिवसाबद्दल काहीतरी म्हणायचं होतं. वाटेत वाक्य तयार केलं होतं, हिंदीत, फार जड न होणारं. ते राहिलं आणि तोंडातून निघालं, "कुठून आलास रे? कहाँ से हो?" तो चंपारण्यातलं मोतीहारी म्हणाला असता तर या लेखाला फार बरं पडलं असतं. तो म्हणाला, सीवान. तीन महिने झाले. मामा सुरतेला असतात. मग मी म्हटलं, पदराच्या गोंड्यांसाठी एक रीळ हवंय, आणि सवयीने बाजारात तोंडी बसलेलं तेच म्हटलं, "भूरा."

त्याने खणाकडे वळता वळता मान फिरवली. चेहऱ्यावर हसू नव्हतं, नुसता हिशेब पक्का करायचा होता. "कौन सा भूरा, आंटी? इधर वाला कि हमारे उधर वाला?"

मी साडीचा पदर फळीवर पसरला. त्याने पदराकडे बघितलं, खणात हात घालून सहा रिळं काढली आणि एकेक करून पदरावर उभी केली. एक जास्त जांभळं, एक हिरव्याकडे झुकलेलं, एक जवळपास काळं. आजीने ते उचललं असतं. दुकानात ट्यूबलाइट, सगळंच जरा फिकट. तो म्हणाला, अंदर में पता नहीं चलेगा. मग पदराचं टोक मी धरलं, रिळं त्याने दोन्ही मुठींत घेतली आणि आम्ही फळीच्या पुढे, रस्त्यात, उन्हात जाऊन उभे राहिलो. मागून स्कूटरवाला हॉर्न देत होता. मुलाने एक रीळ पदरावर टेकवलं, काढलं, दुसरं टेकवलं. "ये वाला," म्हणाला. मग डोळे बारीक करून, "नहीं, रुकिए."